नौदल कमांडोंचा विजय नेमका कशात मोजायचा?

तांडेल (धागाकर्ता)

१९७१ च्या युद्धातील बंगाली पाणबुड्या तरुणांविषयी बरेच दिवस वाचतो आहे. वाचताना एक प्रश्न सारखा आडवा येतो आणि तो येथे मांडावा, म्हणून हा धागा.

१५ ऑगस्ट १९७१ ची रात्र. पूर्व पाकिस्तानातील चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत जवळपास एकाच वेळी जहाजांच्या बुडाशी सुरुंग फुटले. हे करणारी मुले कोण होती? बहुतेक विद्यार्थी आणि नदीकाठची शेतकऱ्यांची पोरे. मे महिन्यापासून पलाशीजवळ, भागीरथीच्या काठी, भारतीय नौदलाच्या छुप्या तळावर त्यांना तयार केले जात होते. सोबत आठ प्रशिक्षित खलाशी होते. फ्रान्समधील तूलाँ येथे पाकिस्तानी नौदलाची 'मँग्रो' ही पाणबुडी ताब्यात घेण्यासाठी गेलेल्या तुकडीतून हे आठ बंगाली पळाले आणि माद्रिद, रोम असे करत एप्रिलमध्ये मुंबईत पोहोचले. ऑपरेशन जॅकपॉट म्हणून ओळखली जाणारी ही मोहीम आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

चितगावला 'अल अब्बास' आणि 'हॉरमुझ' ही जहाजे व एक मोठा बार्ज बुडाला, असे सर्वत्र लिहिलेले असते, आणि पुढे टनांचे आकडे येतात, जे दर पुस्तकागणिक बदलतात. माझे मत असे, की हा हिशेब चुकीच्या वहीत मांडला जातो. या मोहिमेचे खरे लक्ष्य जहाज नव्हते, तर 'पूर्व भागात सर्व काही सुरळीत आहे' हे पाकिस्तानचे जगाला दिलेले आश्वासन होते. तेव्हा प्रश्न असा, की अशा माणसांचा विजय कशात मोजायचा? बुडालेल्या टनांत, घाबरलेल्या बंदरांत, की परत आलेल्या माणसांत? इतर युद्धांतील उदाहरणेही यावीत.

वाचनमात्र

विषय उत्तम. येथेच बसून आहे.

कुलाबा_दांडी

एक प्राथमिक शंका. या मुलांकडे प्राणवायूची नळकांडी होती का? पाठीवर नळकांडे बांधलेला चित्रपटातला पाणबुड्या डोळ्यांसमोर येतो.

तांडेल

नाही. पोहण्याची चड्डी, पायांत पंख, एक सुरी आणि पोटाशी गमछ्याने बांधलेला सुमारे ५ किलोचा लिंपेट सुरुंग, एवढाच सरंजाम. सरावात सुरुंगाच्या जागी तेवढ्याच वजनाच्या विटा बांधून तासन्‌तास नदीत पोहायला लावत. पाण्याबाहेर फक्त नाक आणि डोळे ठेवून, हाताचा आवाज न करता पोहायचे, जहाजाशी पोहोचले की बुडी मारायची, सुरीने बुडावरचे शेवाळ आणि शिंपले खरवडून पोलाद उघडे करायचे, कारण त्याशिवाय चुंबक धरत नाही, आणि सुरुंग चिकटवून प्रवाहाबरोबर दूर व्हायचे. हे सारे एका दमात. शिवाय प्रत्येकाकडून आधी लिहून घेतले जाई, की आपण स्वखुशीने प्राण द्यायला तयार आहोत आणि आपल्या मृत्यूला कोणी जबाबदार नाही.

गोदीकामगार

खरवडण्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण माझी तीस वर्षे त्याच कामात गेली. सुक्या गोदीत जहाज उभे असते, डोक्यावर दिवा असतो, हातात लांब दांड्याची खरवडणी असते आणि तरीही तो थर सहज निघत नाही. शिंपल्यांची धार हातमोजा फाडते. पहिल्याच आठवड्यात माझ्या तळहाताला जी चीर पडली, तिची खूण अजून आहे. हेच काम एखादा मुलगा काळोखात, गढूळ पाण्यात, श्वास रोखून आणि वर पहारेकरी फिरत असताना करतो, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचे काही वाचू शकलो नाही. धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे: चुंबकाने पोलाद धरले, तो क्षण म्हणजे विजय. पुढचे सारे दारूगोळ्याचे काम.

मिश्कील

गोष्ट अजून कोणी सांगितली नाही, म्हणून मीच धीर करतो. सुरुंगाच्या यंत्रणेत पाण्यात विरघळणारी एक गुटी असे. ती विरघळली की स्फोटाची यंत्रणा सुरू व्हायची. ती साधारण अर्ध्या तासात विरघळायची आणि पोहून जहाजापर्यंत जायलाच त्याहून जास्त वेळ लागायचा. उपाय म्हणून त्यावर निरोध चढवले गेले आणि चिकटवण्यापूर्वी ते काढून टाकायचे, असे ठरले. युद्ध तोंडावर असताना नौदलाच्या मुख्यालयातून निरोधांची एवढी मोठी मागणी गेली, तेव्हा त्या कागदावर शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्या मनात आले असेल ते कोणत्याही पदकाच्या मानपत्रात येणार नाही. :)

लेखाजोखा

विनोद बाजूला ठेवून धागाकर्त्याशी मतभेद नोंदवतो. टनांचा हिशेब चुकीच्या वहीत आहे, हे म्हणायला छान वाटते, पण युद्ध शेवटी वस्तूंवर चालते. सेंट नाझेरचे उदाहरण घ्या. २८ मार्च १९४२ च्या पहाटे ब्रिटिशांनी 'कॅम्पबेलटाउन' ही जुनी विनाशिका स्फोटके भरून फ्रान्समधील या बंदराच्या सुक्या गोदीच्या दरवाजावर आदळवली. सहाशेहून थोडी अधिक माणसे गेली होती, त्यांतील १६९ मेली आणि दोनशेहून अधिक कैद झाली. ही मोहीम यशस्वी का मानली जाते? कारण जहाज काही तासांनी फुटले आणि ती गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी झाली. 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेला अटलांटिकच्या किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी दुसरी एवढी मोठी सुकी गोदी नव्हती. येथे विजय मोजता येतो, बोट ठेवून दाखवता येतो. पाच व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, ते धैर्यासाठी असतील, पण मोहीम आखली गेली होती ती एका दरवाजासाठी.

तांडेल

लेखाजोखा, आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे म्हटले तर रागावू नये. 'टिर्पिट्झ' त्या रात्री नॉर्वेत होती, तिच्यावर ओरखडाही उठला नाही. बुडालेले एकच मोठे जहाज, आणि ते ब्रिटिशांचे स्वतःचे. म्हणजे टनांच्या वहीत ब्रिटिश तोट्यात आहेत. विजय झाला तो शत्रूच्या एका शक्यतेवर.

लेखाजोखा

मान्य, अर्धे मान्य. टनांऐवजी पोलादी दरवाजा म्हणतो. वस्तू म्हणजे वस्तूच.

युद्धजोखीम

मी जहाजांच्या विम्याच्या व्यवसायात आयुष्य काढले, त्यामुळे जॅकपॉटकडे माझी नजर निराळ्या बाजूने जाते. एखादे बंदर धोक्याचे ठरले, की नेहमीच्या विम्यावर युद्धजोखमीचा जादा हप्ता लागतो. तो एका फेरीपुरता, अनेकदा सात दिवसांपुरता ठरतो आणि दर आठवड्याला बदलू शकतो. ताग घ्यायला निघालेल्या परदेशी मालकासमोर मग सोपे गणित असते: भाड्यातून मिळणारी रक्कम आणि हप्ता यांत काय उरते? काही उरत नसेल, तर तो जहाज दुसरीकडे वळवतो, आणि तेही कोणतीही घोषणा न करता. पूर्व पाकिस्तानची परकीय चलनाची मोठी कमाई तागावर होती आणि सैन्याची रसद पश्चिमेकडून समुद्रमार्गे, श्रीलंकेला वळसा घालून येत होती. अशा ठिकाणी बंदरात फुटलेला एक सुरुंग लंडनमधल्या एका टेबलावर दुसऱ्यांदा फुटतो. त्या आवाजाची नोंद टनांत होत नाही. आमच्या कार्यालयातील एक वरिष्ठ म्हणत, 'जहाज बुडाले तर एकाचे नुकसान, जहाज आले नाही तर बंदराचे नुकसान.' तांडेल यांच्या वहीविषयीच्या मुद्द्याला माझे अनुमोदन आहे.

शेवंता

आकाशवाणीचा भाग कोणीच लिहिला नाही, याचे आश्चर्य वाटते. चारही बंदरांवर एकाच रात्री हल्ला करायचा आणि तुकड्या तर पायी व होडीने वेगवेगळ्या मार्गांनी आत गेलेल्या. त्यांना वेळ कळवायची कशी? तर कलकत्ता केंद्रावरून ठरलेली दोन गाणी लावून. पहिले पंकज मल्लिक यांचे, ज्याचा अर्थ 'तयारीला लागा'. दुसरे संध्या मुखर्जी यांचे, ज्यात बाहुली आज पहिल्यांदा सासरी निघाली आहे, आणि त्याचा अर्थ 'ठरलेल्या रात्री हल्ला करा'. आपल्याकडे भातुकलीचे गाणे रेडिओवर लागावे आणि लपलेल्या मुलाने कमरेला सुरी खोचावी, तसेच हे. माझी आई त्या काळात नोकरीनिमित्त कलकत्त्यात होती. ती दोन्ही गाणी आपण ऐकली असतील, असे ती म्हणते, पण तिला त्यात गाण्यापलीकडे काही ऐकू येण्याचे कारणच नव्हते.

खारवी

गाण्यांबरोबर पंचांगही पाहावे. मूळ बेत १४ ऑगस्टचा, म्हणजे पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाचा होता, पण त्या दिवशी पहारा कडक असणार म्हणून तो पुढे गेला. आता पाहा: ६ ऑगस्ट १९७१ ला खग्रास चंद्रग्रहण होते, म्हणजे पौर्णिमा. १५ ला वद्य नवमी-दशमीच्या आसपास. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस आम्ही भांगाचे म्हणतो, तेव्हा उधाणासारखी ओढ नसते आणि खाडीत माणूस पाण्याला थोडाफार मुकाबला देऊ शकतो. चंद्रही मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवणार. तारीख राजकारणाने ठरवली हे खरे, पण पाणी आणि काळोख दोन्ही पोहणाऱ्याच्या बाजूने होते. पावसाळ्यात फुगलेल्या चितगावच्या कर्णफुली नदीत उधाणाच्या दिवशी पोटाशी ५ किलो बांधून पोहायला मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही.

कुलाबा_दांडी

खारवी, प्रतिसाद वाचून भिंतीवरचे पंचांग काढून बघितले. ते या वर्षाचे आहे, हे पाच मिनिटांनी लक्षात आले.

रोमहर्षक

इटलीचा उल्लेख व्हायलाच हवा, कारण विजय झाला की नाही हेच शत्रूला ठरवू द्यायचे नाही, याचा तो नमुना आहे. १८-१९ डिसेंबर १९४१ च्या रात्री 'शिरे' या पाणबुडीतून सहा इटालियन नौसैनिक तीन मानवचलित टॉर्पेडोंवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. त्या वाहनाला ते स्वतः 'डुक्कर' म्हणत, कारण ते कधी सरळ चालत नसे. 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या दोन ब्रिटिश युद्धनौका, एक तेलवाहू जहाज आणि एक विनाशिका त्यांनी जायबंदी केल्या. सहाही जण पकडले गेले.

बंदर उथळ असल्याने दोन्ही युद्धनौका तळाला टेकल्या, पण सरळ उभ्या राहिल्या. वरून पाहणाऱ्याला तरंगत असल्यासारख्या दिसत. अॅडमिरल कनिंगहॅम यांनी डेकवरचे नित्याचे सोहळे चालू ठेवले. पूर्व भूमध्यसमुद्रात ब्रिटिशांकडे त्या घडीला एकही धडकी युद्धनौका उरली नव्हती, तरी इटलीला आपल्या यशाचा पुरेसा फायदा उठवता आला नाही. चर्चिल यांनी संसदेला सांगितले तेही एप्रिल १९४२ मधील गुप्त बैठकीत. म्हणजे सहा माणसांनी जिंकलेली गोष्ट त्यांच्याच देशाला पूर्णपणे ठाऊक नव्हती.

आणखी एक. या तुकडीचा प्रमुख लुइजी दुरांद दे ला पेन्ने याला पकडून 'व्हॅलियंट'च्याच तळघरात, सुरुंगापासून थोड्या अंतरावर बसवले होते. स्फोटाला दहा-पंधरा मिनिटे उरली असताना त्याने कॅप्टन चार्ल्स मॉर्गन यांना निरोप पाठवून माणसे वर काढायला सांगितले, सुरुंग कुठे आहे ते मात्र सांगितले नाही. तो वाचला. मार्च १९४५ मध्ये तारांतो येथे त्याला सुवर्णपदक द्यायची वेळ आली, तेव्हा ते त्याच्या छातीवर लावले खुद्द मॉर्गन यांनी.

मिश्कील

ज्याचे जहाज बुडवले त्याच्याच हातून पदक. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी फोडणाऱ्याला अध्यक्षांनी श्रीफळ दिल्यासारखे झाले.

लेखाजोखा

रोमहर्षक यांच्या उदाहरणात मला वेगळी गोष्ट दिसते. दे ला पेन्नेच्या मनात विजय आणि माणसे मारणे या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. जहाज हवे होते, खलाशी नको होते. मघाशी मी 'वस्तू म्हणजे वस्तूच' असे लिहिले, त्याला हे एक प्रकारे पाठबळच आहे.

सिडनीकर

येथे सिडनीत डार्लिंग हार्बरच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला 'क्रेट' नावाची एक लाकडी मासेमारी होडी बांधलेली आहे. क्रेट म्हणजे आपली मण्यार. लांबी सत्तरेक फूट. मूळची जपानी. मुलांना घेऊन गेलो होतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटले, की अशा होड्या ससून डॉकला एकावर एक लागलेल्या असतात. याच होडीतून चौदा माणसे त्वचेला तपकिरी रंग फासून, जपानी झेंडा लावून, १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरून सिंगापूरकडे निघाली. २६ सप्टेंबरच्या रात्री सहा जणांनी तीन घडीच्या होड्यांतून बंदरात जाऊन जपान्यांच्या सात जहाजांना सुरुंग लावले. सगळे परत आले. ऑपरेशन जेविक. टनांत मोजा, माणसांत मोजा, कोणत्याही वहीत हा शंभर टक्के विजय दिसतो.

फक्त एक पान उरते. जपान्यांना कळेना, की हे केले कोणी. त्यांची खात्री अशी, की सिंगापूरमधल्याच लोकांनी केले. १० ऑक्टोबरला केंपेताई या लष्करी पोलिसांनी चांगी तुरुंगातील युरोपीय नजरबंद आणि शहरातील नागरिक अशा सत्तावन्न जणांना उचलले. त्यांचा महिनोन्‌महिने छळ केला आणि पंधरा जण मेले. त्यांच्यापैकी एकालाही त्या मोहिमेची गंधवार्ता नव्हती. इकडे मित्रराष्ट्रांनी पद्धत पुन्हा वापरायची म्हणून श्रेय घेतले नाही. पुढच्या वर्षी या मोहिमेचा प्रमुख इव्हान लायन पुन्हा गेला, तेव्हा तेविसांतला एकही परतला नाही.

शेवंता

सिडनीकर, हे मला ठाऊक नव्हते. मग तो विजय कोणाचा, हेही विचारायला हवे. श्रेय जाहीर केले असते, तर ते पंधरा वाचले असते का?

रोमहर्षक

जाहीर केल्याने जपान्यांनी विश्वास ठेवला असता, याची खात्री कोण देणार? बाहेरून होडीतून कोणी येऊन गेले, हे मान्य करणे म्हणजे आपला पहारा ढिला असल्याचे मान्य करणे. घरभेद्यावर खापर फोडणे पोलिसांना नेहमीच सोयीचे पडते.

सिडनीकर

शक्य आहे. तरी त्या होडीवर चढताना माझ्या मनात चौदांपेक्षा पंधरांचा आकडा येतो, हे खरे.

पनवेलकर

मी केवळ नावामुळे आलो. नौदलाची एक 'पनवेल'ही या कथेत आहे, हे गावात सांगितले तर लोक म्हणतात, 'आमच्याकडे खाडी आहे, युद्धनौका कुठून?'

मुद्द्याचे असे, की पलाशीच्या या सगळ्या कामाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते कमांडर मोहन नारायण राव सामंत. त्याआधी 'करंज' या पाणबुडीचे ते पहिले कप्तान होते. डिसेंबर १९७१ मध्ये 'पद्मा', 'पलाश' आणि 'पनवेल' या तीन छोट्या बोटी घेऊन ते सुंदरबनातून मोंगला आणि पुढे खुलनाकडे निघाले. पहिल्या दोन बोटी मुक्तिवाहिनीच्या, त्यांवर बंगाली खलाशी आणि भारतीय नौसैनिक एकत्र. १० डिसेंबरला मोंगला घेतल्यावर खुलनाजवळ आपल्याच विमानांनी ओळख न पटल्याने बॉम्ब टाकले. पद्मा आणि पलाश पेटल्या. पलाशच्या यंत्रघरातले रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशचा 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला आणि रूपसा नदीकाठी त्यांची कबर आहे. लीडिंग सीमन चिमन सिंग जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले. त्यांना आणि सामंत यांना महावीर चक्र मिळाले. पनवेल वाचली. सामंत २०१९ मध्ये मुंबईत वारले, तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते, कोण जाणे.

आता सांगा, १० डिसेंबर कोणत्या रकान्यात लिहाल? मोंगला मिळाले, बोटी गेल्या, आणि घालवल्या आपल्याच लोकांनी.

लेखाजोखा

पनवेलकर, याला माझ्याकडे रकाना नाही.

गोदीकामगार

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. वर चुंबकाचा क्षण म्हणजे विजय, असे मी लिहिले, ते आता थोडे सुधारतो. चितगावच्या तुकडीत साठ जण निघणार होते, त्यांतली एक टोळी वेळेत पोहोचलीच नाही आणि प्रत्यक्ष पाण्यात उतरले एकतीस. पोहून ते नदीच्या पलीकडच्या काठाला लागले. सुरुंग चिकटवला तो धरला की निसटला, हे बुडी मारून बघायला पुन्हा जाता येत नाही. म्हणजे चिकटवल्यापासून फुटेपर्यंतचा जो वेळ, त्यात त्या मुलाला स्वतःलाच माहीत नसते की आपण जिंकलो की नाही. दुपारी रंग देऊन रात्री पाऊस आला, की आम्हाला झोप लागत नसे. ते काम तर साधे होते.

तांडेल

गोदीकामगार, धागा काढताना माझ्या मनात तीन वह्या होत्या, तुम्ही चौथी उघडलीत. पहिला स्फोट पहाटे पावणेदोनच्या सुमारास झाला, असे नोंदलेले आहे. तोपर्यंत काठावर ओल्या अंगाने पडून राहिलेल्यांनी काय केले असेल, याचाच विचार करतो आहे.

फ्रँक्टन मोहिमेचे, म्हणजे १९४२ मध्ये बोर्दोला छोट्या होड्यांतून गेलेल्या दहा जणांचे, राहूनच गेले. परतले दोघेच. त्यावर स्वतंत्र धागा काढतो. सिडनीकर, पुन्हा संग्रहालयात जाणे झाले, तर क्रेटवर चौदा माणसे झोपत कशी होती, ते तेवढे पाहून लिहा.

सिडनीकर

शनिवारी जातो. धाकटा विचारतोच आहे, की सापाच्या नावाच्या होडीत पुन्हा कधी जायचे.